तळटीप : ‘विकेड गेम’

१२. ‘विकेड गेम’ : अमेरिकन गायक क्रिस आयझॅक याचे संथ, मादक प्रेमगीत. १९८९च्या ‘हार्ट शेप्ड वर्ल्ड’ या अल्बममध्ये ते आले, तेव्हा फारसे गाजले नाही. पुढच्या वर्षी डेव्हिड लिंचने ‘वाइल्ड ॲट हार्ट’ या चित्रपटात त्याची वाद्यधून वापरली. ती ऐकून अटलांटातील एका रेडिओ केंद्रावर गाणी निवडणाऱ्याने मूळ गाणे सतत वाजवले. मागणी वाढली आणि १९९१मध्ये ते ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचले. हे यश उशिराचे, तरी पूर्ण रास्त. जेम्स विल्सीच्या गिटारचे लांबत, थरथरत जाणारे सूर आणि खालच्या पट्टीतून अलगद वर चढणारा आयझॅकचा आवाज यांतच या गाण्याचे सामर्थ्य आहे. – संपा.