कॉलेजचा पैसा कोणाचा?

खारघर आज कॉलेजांचे गाव म्हणून ओळखले जाते. अभियांत्रिकी म्हणा, दंतवैद्यक म्हणा, आयुर्वेद म्हणा, मॅनेजमेंट म्हणा, सगळे इथे आहे. केंद्र सरकारची निफ्ट ही फॅशन शिक्षणाची संस्थाही इथेच आहे. जून-जुलै आला की फाईल काखेत मारून आईबाप आणि मुले या सेक्टरमधून त्या सेक्टरमध्ये फिरताना दिसतात. फीचा आकडा ऐकून काहीजण पायरीवरच बसतात. मग कोणीतरी म्हणतो, "खाजगी कॉलेज आहे बाबा, त्यांचा पैसा, त्यांची मर्जी."

पण त्यांचा पैसा म्हणजे कोणाचा? हे इतिहासात जाऊन एकदा पाहिले पाहिजे.

सुरुवात पायाखालच्या जमिनीपासूनच करू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी सरकारने संपादन करायला घेतली. खारघर, कोपरा, मुर्बी, बेलपाडा ही गावे त्यातलीच. आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी यांची शेते गेली. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के योजना आली. याच संपादित जमिनीतले भूखंड सिडकोने शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भाडेपट्ट्यावर दिले. म्हणजे इमारत ट्रस्टची, पण भुई जनतेची. फीच्या पावतीवर याचा उल्लेख कुठे नसतो, ही गोष्ट वेगळी.

सरकारी आणि खाजगी पैशाची ही सरमिसळ आजची नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली: संस्था लोकांनी काढावी, सरकारने हातभार लावावा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते सरकारी कायद्याने, परंतु १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी आणि राजाबाई टॉवरसाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले ते प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने. कापसाच्या तेजीचा पैसा तो. दान मोठे होते यात शंका नाही. मात्र त्या ग्रंथालयात बसायला कोणाची मुले पोचणार होती, हा प्रश्न त्या दानाने सुटणारा नव्हता.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. स्वतः ते कोणाच्या पैशाने शिकले? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून कोलंबिया विद्यापीठ दिसले. पण एका राजाच्या मेहेरबानीवर एक मुलगा शिकतो, समाज शिकत नाही. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शिक्षणखात्याचेच आकडे खात्यापुढे ठेवले. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा सुमारे ३६ टक्के भाग फीमधून निघतो, हायस्कुलांचा ३१ टक्के, मिडल स्कुलांचा २६ टक्के. हा तर शिक्षणाचा व्यापार झाला, असे त्यांनी सरकारला ऐकवले. आता गंमत बघा, ते ज्याला व्यापार म्हणाले त्यात निम्म्याहून अधिक खर्च अजून सरकारच करीत होते. आज विनाअनुदानित कॉलेजचा जवळजवळ सगळा भार फीवर असतो, त्याला त्यांनी काय म्हटले असते?

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी लिनलिथगो साहेबांपुढे साधा हिशेब मांडला. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या मुलांना का नाही? तेवढेच तीन लाख मंजूर करून घेतले. १९४४ पासून सुरू झालेली तीच शिष्यवृत्ती आपण आजही भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणून ओळखतो. आपल्यातले पहिले मास्तर, कारकून, वकील, डॉक्टर बहुतेक तिच्यावरच उभे राहिले. १९५६ नंतर धर्मांतरितांना केंद्राची दारे बंद झाली. महाराष्ट्राने राज्याच्या तिजोरीतून नवबौद्धांना सवलती दिल्या, तर केंद्राने कायदा दुरुस्त केला तो थेट १९९० मध्ये.

नुसते मागूनही ते थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते मरीन लाईन्सच्या लष्करी बराकींत. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गिरणी, गोदी, पोस्ट, रेल्वेतली पोरे पहाटे उठून तास करायची आणि तिथूनच कामावर जायची. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद निघाले. कायद्याच्या भाषेत या दोन्ही खाजगीच संस्था! कर्मवीर भाऊरावांची रयतही तशीच. मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालवलेली, कमवा आणि शिका सांगणारी. आपल्या जवळचे पनवेलचे महात्मा फुले कॉलेज रयतचेच. तेव्हा खाजगी या शब्दालाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

बिघडले ते पुढे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, तो पैसा इथेच राहू द्या, असा त्यामागे युक्तिवाद होता. जागा वाढल्या हे खरेच, आणि खेड्यातली मुलेही इंजिनिअर झाली. पण डोनेशन हा शब्द घराघरात गेला आणि 'शिक्षणसम्राट' नावाची नवी जात जन्माला आली. १९८७ मध्ये सरकारलाच कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी वाटणी केली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली. २००५ मध्ये पुण्याच्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर त्याच वर्षी संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली. २०१५ च्या राज्य कायद्याने फी ठरवायला प्राधिकरण नेमले.

कोठारी आयोगाने १९६६ सालीच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटले होते. २०२० च्या धोरणातही तोच ६ चा आकडा पुन्हा छापला आहे. चौपन्न वर्षांत आकडा काही हलला नाही.

आणि आता शेवटचा हिशेब. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची खाजगी व्यावसायिक कॉलेजातली फी शासन भरते. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती म्हणून, त्यापुढे असेल तर फ्रीशिप म्हणून. म्हणजे जमीन जनतेची, आणि फीचाही मोठा हिस्सा पुन्हा जनतेच्याच तिजोरीतून. मात्र ही सवलत कॅप फेरीतून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यात घाईने पैसे भरून जागा धरली की ती हातची जाते. आपल्या वस्तीतली किती घरे केवळ हे ठाऊक नसल्यामुळे कर्जात उतरली आहेत! दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा कागद बारावीच्या वर्षातच हातात असावा. कॅपची फेरी कोणासाठी थांबत नाही.