पुस्तक वाचून हात शिकतो का?

गेल्या आठवड्यात मांजरीतल्या माझ्या खोलीत वाटाण्याचं रोप आणि मोबाईल समोरासमोर ठेवले. दर अर्ध्या तासाने एक फोटो. तिसऱ्या दिवशी पाणी घालताना कुंडी जराशी सरकली आणि सगळी मालिका वाया गेली!

असाच उद्योग दादासाहेब फाळक्यांनी केला होता. त्यांनी सेसिल हेपवर्थचं सिनेमॅटोग्राफीवरचं पुस्तक वाचलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१२ मध्ये थेट लंडन गाठलं, हेपवर्थकडचं काम डोळ्यांनी पाहिलं आणि कॅमेरा खरेदी करून परतले. मग एकेक चौकट टिपत वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर आणली. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये चक्क काड्या हलवल्या.

आता कार्टूनकडे येऊ. तरुण वॉल्ट डिस्नेने कॅन्सस सिटीच्या ग्रंथालयातल्या ई. जी. लुट्झच्या १९२० च्या पुस्तकावरून धडे गिरवले. पुढे त्याच्याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' आली. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ॲनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली ती १९८१ साली. म्हणजे त्या पुस्तकाच्या पंचवीस वर्षं आधीच ही विद्या माणसाबरोबर मुंबईत पोचली होती.

मग पुस्तक निरुपयोगी का? मुळीच नाही. त्यातलं एक तत्त्व बघा: चेंडू आपटला की चपटा होतो, उसळताना लांबट होतो, पण त्याचं आकारमान तेवढंच राहतं. वाचायला अर्धा मिनिट लागतो, हाताला जमायला महिने जातात. पण काय चुकतंय हे ओळखायला ते वाक्यच उपयोगी पडतं.

आपल्या शोधनिबंधांतल्या 'कार्यपद्धती'चंही तेच आहे. लेखक आपल्याला जाणवलेल्या पायऱ्या लिहितो. हाताच्या सवयी लिहायच्या राहून जातात. म्हणून नुसतं वाचून 'समजलं' म्हणू नका. प्रयोग स्वतः करून बघा, फसला तर कुठे फसला ते वहीत लिहा आणि ज्याने तो केलाय त्याला बिनधास्त विचारा. फाळके बोटीने लंडनला गेले. आपल्याला निदान शेजारच्या प्रयोगशाळेपर्यंत तरी जाता येईल.

कुंडी आता चिकटपट्टीने टेबलाला पक्की केली आहे. आज पुन्हा पहिला दिवस.