पेरूतील जमीनसुधारणा (१९६९)

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जनरल हुआन व्हेलास्को आल्वारादो यांच्या लष्करी राजवटीने २४ जून १९६९ रोजी १७७१६ क्रमांकाचा वटहुकूम काढून जमीनदारी मोडण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला, तो या नावाने ओळखला जातो. पुढील दहा वर्षांत सुमारे १५ हजार मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि नव्वद लाख हेक्टरांच्या आसपास जमीन सुमारे ३ लाख ७० हजार कुटुंबांच्या नावे गेली. शेतकऱ्यांचे उठाव ज्या लष्कराने मोडून काढले होते, त्याच लष्कराने ही सुधारणा राबवली, हे तिचे वेगळेपण.

१९६१च्या शेतीगणनेनुसार पेरूतील जमीनधारणांपैकी अर्धा टक्काही न भरणाऱ्या बड्या धारणांखाली देशातील तीनचतुर्थांश जमीन होती. या जमीनदारीची दोन रूपे होती. समुद्रकिनाऱ्यालगतच्या वाळवंटी पट्ट्यात नद्यांच्या पाण्यावर ऊस आणि कापूस पिकवणारे अवाढव्य मळे होते. त्यांतील ऊसमळ्यांना जोडून साखर कारखाने होते. चिकामा खोऱ्यातील गिल्देमाइस्टर घराण्याचा कासा ग्रांदे हा त्यांतला सर्वांत मोठा. त्याच्या मालकांना स्वतःच्या बंदरातून परस्पर माल आणण्याची मुभा होती आणि त्यापायी जवळच्या त्रुहियो शहरातील व्यापारपेठ बसली. आंदीज पर्वतातील हासिएन्दांची, म्हणजे जमीनदारांच्या वतनवाड्यांची, तऱ्हा निराळी होती. तेथील केचुआभाषक कुळाला पोटापुरता तुकडा कसायला मिळे; त्याबदल्यात आठवड्यातील ठरावीक दिवस मालकाच्या शेतात बिनमजुरीने राबावे लागे, शिवाय पाळीपाळीने त्याच्या वाड्यावर ‘पोंगो’ म्हणून घरगडी व्हावे लागे. गावकीची सामाईक कुरणे या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळली होती.

हा अन्याय टिकला तो सत्तेच्या जोरावर. ‘गामोनाल’ म्हणवला जाणारा पहाडी जमीनदार आपल्या भागातील न्यायाधीश, पोलीस आणि प्रशासन मुठीत ठेवी. निरक्षरांना मताधिकार नव्हता, त्यामुळे जमिनीवर राबणाऱ्या बहुसंख्यांचा आवाज संसदेपर्यंत पोचतच नसे. पेरूतील मूळ रहिवाशांचा प्रश्न शाळेचा किंवा धर्माचा नसून जमिनीचा आहे, अशी मांडणी विचारवंत होसे कार्लोस मारियातेगी यांनी १९२८ सालीच केली होती. फेर्नांदो बेलाउंदे यांच्या लोकनियुक्त सरकारने १९६४मध्ये जमीनसुधारणेचा कायदा केला खरा; पण संसदेत विरोधकांचे बहुमत होते आणि त्यांनी साखरमळे त्यातून व्यवहारतः वगळले. तो कायदा कागदावरच राहिला.

पहिली खरी धडक खालून बसली. कुस्कोजवळच्या ला कोन्व्हेन्सियोन खोऱ्यात कुळांनी आपल्या तुकड्यांवर कॉफी लावली होती. कॉफीला भाव आला तसा मालकांचा डोळा त्या जमिनींवर गेला. कुळांनी संघटना उभारल्या, १९५८मध्ये त्यांचा महासंघ झाला आणि १९६२च्या सुमारास त्यांनी वेठ करण्याचेच नाकारले. या संपाची कल्पकता अशी की संपकरी उपाशी राहिले नाहीत. मालकाच्या शेतावर न जाता ते स्वतःची कॉफी पिकवत राहिले. त्यांचे नेते उगो ब्लांको यांना १९६३मध्ये अटक होऊन पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. मात्र तत्कालीन लष्करी सरकारला त्याच वर्षी त्या खोऱ्यापुरती कुळांची मालकी मान्य करावी लागली. १९६५मध्ये डोंगराळ भागात गनिमी उठाव झाला. तो काही महिन्यांत चिरडला गेला, पण चिरडणारे अधिकारी तेथील दैन्य पाहून परतले. जमीन वाटली नाही तर पुढचा उठाव आवरणार नाही, हे त्यांना उमगले. ऑक्टोबर १९६८मध्ये सत्ता हाती घेणाऱ्या व्हेलास्को गटाच्या विचारांची ही पार्श्वभूमी होती.

वटहुकुमाने किनाऱ्यावरील ओलिताच्या जमिनीला १५० हेक्टरांची, तर पहाडात स्थानपरत्वे १५ ते ५५ हेक्टरांची कमाल मर्यादा घातली. किनाऱ्यावरील मर्यादा पुढे आणखी खाली आणली गेली. साखरमळे मात्र कारखान्यांसकट संपूर्ण ताब्यात घ्यायचे ठरले आणि घोषणेपाठोपाठ सैनिक त्यांच्या फाटकांवर उभे राहिले. देशातील सर्वांत बलाढ्य मालकांपासून सुरुवात केल्यामुळे प्रतिकाराला वेळच मिळाला नाही. भरपाईचा हिशेब मालकांनी करासाठी स्वतःच जाहीर केलेल्या किमतींवरून झाला आणि तिचा मोठा भाग २० ते ३० वर्षे मुदतीच्या रोख्यांत दिला गेला. तंट्यांसाठी स्वतंत्र जमीन न्यायालये स्थापन झाली. त्यांत शेतकऱ्याला वकील फुकट मिळे. ज्या माणसाने न्यायाधीशाला नेहमी मालकाच्या पंगतीला बसलेले पाहिले होते, त्याच्यासाठी या तरतुदीचे मोल जमिनीइतकेच होते. १९७२मध्ये जमीनमालकांची जुनी संघटना सरकारने बरखास्त केली आणि १९७५मध्ये केचुआला स्पॅनिशसोबत अधिकृत भाषेचा दर्जा दिला.

जमीन घेतली, पण ती कोणाला दिली, या प्रश्नापाशी सुधारणेची दुखरी बाजू सुरू होते. व्यक्तिगत मालकीने वाटलेला भाग दहा टक्क्यांहूनही कमी होता. अर्ध्याहून अधिक जमीन दोन प्रकारच्या संस्थांकडे गेली : किनाऱ्यावरील उत्पादक सहकारी संस्था आणि पहाडातील मेंढपाळीच्या विस्तीर्ण कुरणांवर उभारलेल्या ‘साइस’ नावाच्या संयुक्त संस्था. मोठे मळे फोडले तर उत्पादन कोसळेल, असे नियोजनकारांचे मत होते. परिणामी साखर सहकारी संस्थांचे सभासद झाले ते कायम कामगार. हंगामात पहाडातून उतरणारे ऊसतोड मजूर सभासदत्वाबाहेरच राहिले, आणि पूर्वी मालकाकडे रोजंदारी करणारे आता कामगारांच्या संस्थेकडे रोजंदारी करू लागले. ‘साइस’मध्ये भोवतालच्या गावक्यांना नफ्यात वाटा मिळे, पण त्यांच्याच वाडवडिलांकडून हिरावलेली कुरणे परत मिळाली नाहीत. कारभार सरकारनियुक्त तंत्रज्ञांच्या हाती होता. १९७४मध्ये आंदावायलास प्रांतातील शेतकऱ्यांनी सरकारी संथगतीला कंटाळून स्वतःच वाडे ताब्यात घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या नावाने राज्य करणाऱ्या राजवटीने त्यांच्यावर दडपशाही केली. सामान्य शेतकऱ्याला निर्णयात वाटा न देणे हा या सुधारणेचा सर्वांत मोठा दोष होय, उत्पादनातील घट नव्हे.

ऑगस्ट १९७५मध्ये जनरल फ्रान्सिस्को मोरालेस बेर्मुदेस यांनी व्हेलास्को यांना पदच्युत केले आणि सुधारणेचा वेग ओसरला. कर्ज, दुष्काळ, स्वस्त अन्नाचे शहरी धोरण आणि अंतर्गत भांडणे यांनी सहकारी संस्था जर्जर झाल्या. १९८०च्या दशकात किनाऱ्यावरील बहुतेक बिगर-ऊस संस्थांच्या सभासदांनी जमिनी आपसांत वाटून घेतल्या. दक्षिणेकडील पुनो भागात गावक्यांनी कुरणे पुन्हा मिळवली. मे १९८०मध्ये आयाकुचो विभागात ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेचा सशस्त्र संघर्ष पेटला आणि ‘साइस’च्या वाड्या-कळपांवरही हल्ले झाले. भरपाईपोटी दिलेल्या, पुढे मूल्य गमावलेल्या रोख्यांचा वाद मात्र संपला नाही : २००१ आणि २०१३ साली घटनात्मक न्यायाधिकरणाला त्यांविषयी निकाल द्यावे लागले.

सुधारणेने शेती श्रीमंत केली नाही, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. परंतु तिने वेठबिगारी संपवली आणि गामोनालांची सत्ता मुळासकट उपटली, आणि हे काम त्याआधीच्या दीडशे वर्षांच्या प्रजासत्ताकाला जमले नव्हते. १९७९च्या राज्यघटनेने निरक्षरांना मताधिकार दिला, तो या उलथापालथीनंतरच. लिमाच्या उच्चभ्रू वर्गात व्हेलास्को यांचे नाव आजही संतापाने घेतले जाते, तर आंदीजमधील अनेक गावांत कृतज्ञतेने. या विषयावरील २०१९चा माहितीपट सरकारी दूरचित्रवाणीने २०२१च्या निवडणुकीच्या तोंडावर दाखवण्याचे लांबणीवर टाकले.

राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुहिमोरी यांच्या कारकिर्दीत १९९१ साली जमीनसुधारणेचा कायदा रद्द झाला आणि १९९५च्या जमीन कायद्याने कमाल मर्यादाही काढून टाकली. किनाऱ्यावर सरकारी खर्चाने वाळवंटात पाणी खेळवून तयार केलेली जमीन निर्यातदार कंपन्यांकडे गेली. तेथे आता शतावरी, द्राक्षे आणि ब्लूबेरी पिकतात. कासा ग्रांदे २००६मध्ये एका खासगी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेला. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी कुस्को येथे ‘दुसऱ्या कृषिसुधारणे’ची घोषणा केली. तिच्यात कोणाचीही जमीन घेतली जाणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले.