‘वॉटर्लू’ आणि ‘पानिपत’

एखाद्याला त्याचे ‘वॉटर्लू’ भेटले, या इंग्रजी प्रयोगासाठी वर्गात ‘पानिपत होणे’ हा प्रतिशब्द सहज दिला जातो. आम्हीही तो दिला आहे; परंतु दोहोंचा इतिहास पाहिला म्हणजे ही जोडी वाटते तितकी समतोल नाही, असे दिसून येते.

18 जून 1815 रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला. त्यावरून निघालेला वाक्प्रचार जेत्यांच्या भाषेतला आहे. म्हणून मूळ अर्थी त्यात पूर्वीच्या विजयांची परंपरा गृहीत असते. पुष्कळ जिंकलेल्यालाच वॉटर्लू भेटते. ‘पानिपत’ हा शब्द मात्र हरलेल्यांनी आपल्याच घरच्या आकांतातून घडविला. त्याला पूर्वपराक्रमाची अट नाही. परीक्षेत विद्यार्थ्याचे, कोर्टकज्जात घराण्याचे, निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, आणि त्यात व्यक्तीच्या अपयशापेक्षा सर्वनाशाची छटा गडद असते. ‘विश्वास गेला पानिपतच्या लढाईत’ या श्लेषात विश्वासरावांचा मृत्यू आहे. विनोद खरा, पण कडवट.

‘संक्रांत कोसळणे’ हा प्रयोगही कित्येक जण 14 जानेवारी 1761 च्या त्या लढाईशी जोडतात. हा तर्क आम्हांस मान्य नाही. त्या काळी मकरसंक्रमण 14 जानेवारीच्या काही दिवस आधीच होत असे. संक्रांतिदेवी जिकडे पाहील, जे नेसेल वा भक्षील, त्यावर अरिष्ट येते, या पंचांगातील समजुतीतूनच तो प्रयोग आला असावा.

हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीच्या परिसरात कानडी व मराठी शेजारी नांदतात. तेथून उत्तरेस उदगीर आहे. 1956 पर्यंत तेही बीदर जिल्ह्यातच होते. याच उदगिरास फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तेव्हा मराठ्यांकडे होता. तहात सुमारे 60 लक्षांचा मुलूख मिळाला. दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर आणि विजापूर त्यात आले. मार्चमध्ये तेच भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले आणि वर्ष उलटण्यापूर्वीच पानिपत घडले. ‘उदगीर गाजविणे’ असा प्रयोग मात्र आमच्या ऐकिवात नाही.

पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टनने 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठी फौजांचा पराभव केला. त्या पराभवाचाही मराठीत वाक्प्रचार झाला नाही. ती जागा पानिपताने आधीच घेतली होती.