देऊळ कोणाच्या पैशाने उभे राहते?

पुणे-सातारा रस्त्याने जाताना नसरापूरच्या फाट्यावर आत वळले की थोड्याच अंतरावर दाट झाडीत बनेश्वराचे शिवालय लागते. भोर आणि वेल्हे (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे) या भागात राहणाऱ्या आपल्या कॅथलिक कुटुंबांना हे स्थळ परिचयाचे आहे. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी हे मंदिर बांधविले. १७४९ साली ते पूर्ण झाले, आणि त्याला ११,४२६ रुपये ८ आणे ६ पैसे खर्च आला असे सांगतात. या मंदिरातील घंटेवर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चमधून अनेक घंटा देशावर आल्या, त्यांपैकीच ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीत आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत.

घंटेवरचा क्रूस पाहून आपल्या मनात हळहळ दाटून येते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या वाचकाने हळहळीपाशीच थांबू नये. घंटा गेल्यावर मागे राहिलेल्या भाविकांनी काय केले, हा खरा प्रश्न आहे. ज्या धर्मग्रामात आज चर्चच्या डागडुजीचा किंवा जीर्णोद्धाराचा विचार चालू आहे, तेथे तर या प्रश्नाचे उत्तर अवश्य शोधले पाहिजे.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत एकाहून एक भव्य चर्च उभी राहिली. संत जोसेफचे मंदिर १५४६ मध्ये बांधले गेले आणि १६०१ साली आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात वाढविण्यात आले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांची मंदिरे आणि मठ त्याच तटबंदीत होते. या साऱ्यांना पैसा कोठून येई? पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’ नावाचा आश्रयदात्याचा हक्क दिला होता. त्या हक्काने राजा धर्माचा दशांश वसूल करी आणि त्याच्या बदल्यात चर्च बांधणे, धर्मगुरूंचे वेतन देणे व उपासनेचा खर्च चालविणे ही जबाबदारी त्याच्याकडे असे. शिवाय श्रीमंत सरदार-घराणी देणग्या देत आणि मंदिराच्या जमिनीखाली आपल्या कबरींसाठी जागा राखीत. त्यांचे कोरीव शिलालेख आजही तेथील फरशीत वाचता येतात.

मे १७३९ मध्ये किल्ला पडला. तहानुसार पोर्तुगीज लोक आपल्या चीजवस्तूंसह निघून गेले आणि त्यांच्याबरोबर मठवासी धर्मगुरूही गेले. राजाचा पैसा थांबला, सरदार उरले नाहीत. छपरांची कौले आणि वासे पावसाळ्यामागून पावसाळे झेलीत राहिले, आणि त्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही. भिंती दगडी होत्या, त्या राहिल्या. छपरे मात्र गेली. ज्याला दरवर्षी माणसाच्या हाताची गरज असते ते आधी जाते, हा इमारतींच्या बाबतीतला साधा नियम आहे.

आता किल्ल्याबाहेर पाहा. रेमेदी, सांडोर, माणिकपूर, पापडी, नंदाखाल, आगाशी ही शेतकरी, बागायतदार आणि कोळी भाविकांची गावे. युद्धाची झळ या गावांनाही बसली होती. पण येथील लोक कोठे जाणार? त्यांची शेते, विहिरी आणि थडगी याच मातीत होती. युरोपीय मठवासी गेल्यावर गोव्याच्या धर्मप्रांताच्या छत्राखाली एतद्देशीय धर्मगुरूंनी ही धर्मग्रामे सांभाळली. मिस्सा चालू राहिली, मुलांचे बाप्तिस्मे होत राहिले, आणि जशी ऐपत आली तशी मंदिरे सावरली गेली, वाढविली गेली, काही नव्याने बांधली गेली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा कॅथेड्रलचा मान किल्ल्यातील संत जोसेफच्या मंदिराला मिळाला नाही. तो पापडीच्या कृपामातेच्या चर्चला मिळाला. राजाने पोसलेले मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात गेले, तर शेतकऱ्यांनी सांभाळलेले मंदिर बिशपांचे आसन झाले. युद्धाचा भाग वगळला तरी यातील बोध उरतोच.

हा बोध ख्रिस्तसभेला नवा नव्हता. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ साली आपल्या एकविसाव्या बैठकीत जीर्ण धर्मग्राम-मंदिरांविषयी नियम केला होता. दुरुस्ती आधी मंदिराच्या उत्पन्नातून व्हावी. ते अपुरे असेल तर आश्रयदात्यांनी आणि मंदिराच्या उत्पन्नाचा लाभ घेणाऱ्यांनी खर्च उचलावा, आणि तेही नसतील तर धर्मग्रामातील लोकांनी भार घ्यावा, असा तो क्रम होता. वसईत आश्रयदाते संपले आणि हा शेवटचा पर्यायच कामी आला.

पुण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली. तेथे निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचे मंदिर उभे राहिले, तेच आजचे ‘सिटी चर्च’. ज्या घराण्याच्या सैन्याने वसईच्या घंटा देशावर आणल्या त्याच घराण्याने पुढे ख्रिस्ती मंदिराला भूमी दिली, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना आवर्जून सांगावी. परंतु दान मिळालेली भूमी म्हणजे मंदिर नव्हे. साध्या बांधणीने सुरुवात करून ते पक्के करणे आणि टिकविणे हे काम पिढ्यान्पिढ्या तेथील भाविकांनीच केले. पुढे लष्कर भागात १८५० मध्ये संत पॅट्रिकचे चर्च उभे राहिले. त्यामागे लष्करी धर्मगुरू फादर पॅट्रिक शीहन यांची धडपड होती आणि आयरिश शिपायांच्या पगारातून काढलेला पैसा होता. १८८६ साली पुणे धर्मप्रांत झाल्यावर शिपायांच्या पैशाचे हेच चर्च कॅथेड्रल झाले.

पैसा कोणी द्यावा हे ठरले तरी तो कसा जमवावा आणि कसा खर्चावा हा प्रश्न उरतो. या बाबतीत जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय प्रत्येक बांधकाम समितीने एकत्र बसून वाचावा. राजा योवाश याने मंदिराच्या दुरुस्तीचे काम याजकांवर सोपविले. त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झाली नव्हती. पैसा येत होता, पण भिंती तशाच होत्या. तेव्हा याजकांच्या हातून वसुली काढून घेण्यात आली. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून तो मोजीत आणि सुतार, गवंडी, पाथरवट यांना देत. मोजणारे हात दोन असावेत, ही रीत इतकी जुनी आहे. हा अध्याय आम्हा धर्मगुरूंना थोडा टोचतो, आणि तो टोचावा असाच आहे.

नहेम्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्यायही असाच उपयोगी आहे. यरुशलेमचा कोट पुन्हा बांधताना कोणी कोणता भाग उचलला याची ती लांबलचक यादी आहे. सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, एक बाप आपल्या मुलींसह कामाला लागला आहे. अनेकांनी तर आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. जे श्रीमंत पुढारी कामाला मान वाकवायला तयार नव्हते त्यांचाही उल्लेख त्या यादीत आहे. पवित्र शास्त्रालाही वर्गणीची यादी अपवित्र वाटली नाही!

पुढचा प्रश्न असतो दुरुस्तीचा की पुनर्बांधणीचा. येथे एकच उत्तर नाही. मुंबईत माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारच्या नोव्हेनाला लोटणारी गर्दी जुन्या वास्तूत मावेना, म्हणून १९७३ साली नवी वास्तू उभी राहिली. दादरच्या ‘पोर्तुगीज चर्च’ची सोळाव्या शतकापासूनची परंपरा असताना तेथेही जुने पाडून वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे १९७७ मध्ये नवे मंदिर पूर्ण झाले. उलट गोव्यात बाँ जेजूच्या बासिलिकेवरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली काढण्यात आला. उघडा तांबडा जांभा दगड पाहुण्यांना देखणा वाटतो, पण गिलावा हे त्या दगडाचे पावसाळी कांबळे होते. ते गेल्यामुळे दगड झिजत आहे, असे सांगून तेथील प्रमुख धर्मगुरूंनी २०२० साली धोक्याची सूचना दिली. भोर-वेल्ह्याच्या पावसाची ज्यांना ओळख आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जे दिसायला जुनाट असते ते निरुपयोगी असतेच असे नाही, म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आजच्या ख्रिस्तसभेचे नियम या अनुभवातूनच आले आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपांच्या स्पष्ट लेखी संमतीशिवाय नवे चर्च बांधता येत नाही (नियम १२१५). प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे (नियम ५३७). ज्या कारणासाठी भाविकांनी दान दिले त्याच कारणासाठी ते वापरले पाहिजे (नियम १२६७). छपरासाठी दिलेला रुपया सभागृहाच्या फरशीला लावता येत नाही, मग फरशी कितीही निकडीची असो. आणि भाविकांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे (नियम १२८७). वार्षिक सणाच्या दिवशी घाईघाईने वाचून टाकलेले आकडे म्हणजे हिशेब नव्हे. कोणालाही समजेल असा तो दारावर लावलेला असावा.

आपल्या शेजारच्या गावांकडूनही आपण शिकावे. या खोऱ्यांतील ग्रामदैवताचा जीर्णोद्धार निघाला की घरटी वर्गणी ठरते, मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे पैसा पाठवितात, आणि ज्याच्याकडे पैसा नाही तो दगड-वाळू वाहून आपला वाटा देतो. तोरण्याच्या दुरुस्तीत धनाचे हंडे सापडले आणि त्यातून राजगड बांधला गेला, अशी परंपरेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मग्रामाला असा हंडा सापडत नाही, आणि एका अर्थी ते बरेच आहे. एखादा मोठा दाता संपूर्ण छप्पर घालून देतो म्हणाला, तर त्याचे आभार मानावेत, पण प्रत्येक घराकडून थोडे का होईना घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. ज्या विधवेने मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकल्या तिचे दान प्रभूने श्रीमंतांच्या दानाहून मोठे ठरविले, ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सांगतो. अर्थसमितीच्या बैठकीतही तिची आठवण असावी.

याचे कारण केवळ पैशाचे नाही. दात्याची पुढची पिढी कोठे असेल हे कोणी सांगू शकत नाही. पण छपराच्या चार कौलांचे पैसे ज्या घराने दिले आहेत, त्या घरातील मूल पुढच्या पावसाळ्यात वर पाहील आणि कोठे गळते आहे ते येऊन सांगेल.