कोंबड्यांमधील पायांचे विकार

परसातील कोंबडी दिवसभर माती उकरून बरेचसे खाद्य स्वतःच मिळवते. पाय अधू झाला की तिचे खाणे, पाणी पिणे व अंडी देणे तिन्ही खालावतात. कळपातील इतर कोंबड्या तिला टोचून खाद्यापासून हुसकावतात. लंगडण्यामागे जखम, परजीवी, पोषणातील उणीव किंवा विषाणू यांपैकी काहीही असू शकते व प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. त्यामुळे कोंबडी हातात घेऊन तळवा, खवले, सांधे आणि बोटांची ठेवण क्रमाने तपासावी. बोटांभोवती दोरा किंवा केस गुंतला असल्यास तो लगेच कापून काढावा. रक्तपुरवठा तुटून बोट गळून पडू शकते.

तळव्याचे गळू : यालाच बम्बलफूट म्हणतात. काटा, खडबडीत फरशी, तारेची जाळी, फार उंच दांडी किंवा पक्ष्याचे जास्त वजन यांमुळे तळव्याला जखम होते व तीत बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू शिरतो. तळवा सुजतो आणि मध्यभागी काळी खपली धरते. सुरुवातीच्या अवस्थेत पाय कोमट मिठाच्या पाण्यात 10–15 मिनिटे बुडवावा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि स्वच्छ पट्टी बांधून रोज बदलावी. पक्ष्यांचा पू घट्ट, चीजसारखा असतो. दाबून तो निघत नाही, उलट संसर्ग सांध्यापर्यंत जाऊ शकतो. अशी गाठ पशुवैद्यानेच कापून काढावी. हाताळताना हातमोजे घालावेत.

पायांची खरूज : निमिडोकॉप्टिस म्युटन्स हा सूक्ष्म कीटकसदृश माइट खवल्यांखाली बिळे करतो. खवले उचलले जाऊन पाय जाड, खरबरीत व पांढुरके दिसतात. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने सुटलेली पापुद्री काढावी आणि खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. त्याने माइट गुदमरतात. उपचार काही आठवडे नेटाने करावा लागतो. खवले ओरबाडू नयेत. रॉकेल लावू नये, त्याने त्वचा भाजते. आयव्हरमेक्टिन पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे व त्याने सांगितलेले दिवस अंडी खाऊ नयेत. सर्व कोंबड्यांवर एकाच वेळी उपचार करून दांड्या व खुराडेही स्वच्छ करावे.

पिलांमधील विकार : गुळगुळीत कागदावर वाढलेल्या पिलाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पहिल्या काही दिवसांतच दोन्ही पाय मऊ पट्टीने, मध्ये थोडे अंतर ठेवून सैलसर बांधले आणि खाली खरबरीत कापड घातले तर ते सुधारतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढणाऱ्या पिलांना रायबोफ्लेव्हिन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, कमी पडते; बोटे आत वळून पिलू घोट्यावर चालते. लवकर ब-2 दिल्यास गुण येतो, मज्जातंतूची हानी वाढल्यावर येत नाही. मँगनीज किंवा कोलीनच्या अभावी घोट्यावरील कंडरा जागेवरून सरकते. एकदा सरकल्यावर खाद्य बदलूनही पाय पूर्ववत होत नाही. ड-3 जीवनसत्त्व, कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या उणिवेमुळे हाडे मऊ होतात.

विषाणुजन्य रोग : एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेली तलंग पाहिली की मरेक रोगाची शंका घ्यावी. हंगेरीतील योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. यावर औषध नाही. लस पिलू अंड्यातून बाहेर पडताच द्यावी लागते. पाय लुळे पडण्याबरोबर मान वाकडी, हिरवट हगवण किंवा श्वासाला त्रास दिसल्यास राणीखेत रोगाचा संशय घेऊन पक्षी वेगळा ठेवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

प्रतिबंध : दांडी 4–5 सेंमी. रुंद, कडा गोलाई दिलेली असावी. जड पक्ष्यांसाठी ती कमी उंचीवर बसवावी. जमिनीवर भाताच्या तुसाची कोरडी गादी ठेवावी, कोकणातील पावसाळ्यात ती ओली होताच बदलावी. पिलांना पिलांचेच खाद्य द्यावे, कारण अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यातील जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना अपायकारक ठरते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी. नवी कोंबडी कळपात सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळी ठेवून तिचे पाय तपासावेत. आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्ष्याचे तळवे पाहण्याची सवय ठेवल्यास गळू आणि खरूज लवकर लक्षात येतात व घरच्या घरी आटोक्यात राहतात.