राजधानीचें अंतर

शिरड शहापूरहून राजधानी किती दूर, या प्रश्नाचें उत्तर एका पिढीच्या हयातींतच बदललें. गांव मात्र जागचें हाललें नाहीं. निजामी अमलांत परभणी जिल्ह्यांतील या गांवाची राजधानी हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतांत आलें, तरी ती तीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि अर्ज-अपिलांचें तोंड मुंबईकडे वळलें.

श्रोत्यांनीं नकाशा पुढें घ्यावा. नांदेडच्या विमानतळापासून सरळ रेघ ओढली, तर हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुमारें २४५ किलोमीटरांवर येतो. मुंबईचा सुमारें ४७०. भाषेचें राज्य जवळ आलें, राजधानी जवळजवळ दुप्पट दूर गेली. त्या दिवसांच्या उत्साहांत हा हिशेब गौण वाटला असल्यास नवल नाहीं.

पण प्रवासी कांहीं रेघेवरून जात नसतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यांतून सिकंदराबाद ते मनमाड अशी निजामाची आगगाडी झाली. पुढें पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला. बैलगाडीनें वसमत गांठावें, पूर्णेस गाडी बदलावी, कीं हैदराबादचा मार्ग मोकळा. मुंबईचें तसें नव्हतें. हा लोहमार्ग मीटर मापाचा, मनमाडच्या पुढला रुंद मापाचा. तेव्हां मनमाडच्या फलाटावर वळकट्या-ट्रंका उतरवून, झोपलेलीं मुलें उठवून, दुसऱ्या गाडीची वाट पाहणें क्रमप्राप्तच होतें. शतकाच्या अखेरीस मार्ग रुंद होईपर्यंत ही यातायात चालली.

विमानानें असले अडथळे मिटतील, ही आशा जगांत सर्वत्रच होती. लंडन-पॅरिस नियमित विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजीं सुरू झाली, तेव्हां सुमारें ३५० किलोमीटरांस अडीच तास लागले. 'उडान' योजनेंतील पहिल्या मार्गांपैकीं एक म्हणून नांदेड-हैदराबाद विमान निघालें तें २७ एप्रिल २०१७ रोजीं. वेळ सुमारें एक तास. निम्म्या जागांचें भाडें २,५०० रुपयांच्या मर्यादेंत.

मात्र शिरड शहापूरच्या माणसानें घड्याळ घराच्या उंबऱ्यावर लावावें. नांदेडच्या विमानतळापर्यंत मोटारीनें तासाहून अधिक, तपासणीसाठीं तास, हवेंत तास, आणि शमशाबादहून शहरांत शिरावयास आणखी तासभर. चार तासांत उड्डाण तेवढें एका तासाचें! विमान दुप्पट वेगानें उडालें, तरी अर्धाच तास वांचेल. उरलेले तीन जमिनीवरचे आहेत, आणि त्यांना पंख फुटत नाहींत.

२०२२ सालीं ती विमानकंपनी बंद पडली; २०२४ मध्यें दुसरीनें हा मार्ग पुन्हा धरला. मधल्या काळांत ज्यांना हैदराबादच्या दवाखान्यांत रुग्ण न्यावयाचा होता, त्यांच्यासाठीं पूर्वींची आगगाडी होतीच.